चाळिशीनंतरचा नेम: शूटिंग फ्रेम, अर्ध्या नंबरची काच आणि आयरिस

पंचेचाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांची तक्रार जवळजवळ सारख्याच शब्दांत येते. बुल, म्हणजे टार्गेटवरचा काळा गोल, लख्ख दिसतो, पण फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, पसरते. पहिले दहा-पंधरा शॉट बरे जातात, मग कड धुरकट होते आणि गोळ्या डावी-उजवीकडे सांडायला लागतात. त्यावर बाजारात तीन वस्तू मिळतात: एका डोळ्यापुढे गोल काच धरणारी शूटिंग फ्रेम, त्या फ्रेममध्ये बसणारी नंबरची काच आणि काचेपुढे क्लिपने लागणारी आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र. हा आढावा या तिन्हींचा आहे, 10 मीटर एअर पिस्तूल आणि एअर रायफल मारणाऱ्या, चाळिशी लागलेल्या माणसाच्या नजरेतून. निकाल आधीच सांगतो. पैसा सगळ्यात आधी काचेवर घालावा, मग फ्रेमवर, आयरिस सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकी उलट्या क्रमाने खरेदी करतात.

कोल्हापुरात नेमाचा नाद जुना आहे. दाजीपूरचं जंगल एके काळी संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, आणि आज तिथे गवे निवांत चरतात. नेम कागदावर आला, पुढे इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर. याच मातीतल्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनचं (पालथं पडून मारायच्या प्रकाराचं) जागतिक सुवर्ण घेतलं, राही सरनोबत यांनी 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्य. त्यामुळे इथल्या रेंजवर पोरांची गर्दी असते आणि सगळं शिकवणं त्यांच्या डोळ्यांना धरून होतं. ‘फ्रंट साइटवर नजर ठेव’ हा सल्ला पन्नाशीच्या माणसाला पटतो, पण त्याच्या डोळ्याला तो पाळता येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये तेजस्विनी उतरल्या तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या, हेही इथे आठवावं.

फ्रंट साइट एवढी महत्त्वाची का, ते आकड्यांत पाहू. एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटीमीटर धरा. रिअर साइटच्या, म्हणजे डोळ्याकडच्या मागच्या साइटच्या, खाचेत फ्रंट साइट अर्धा मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर शॉट साधारण 15 मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर एका रिंगची रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन रिंगा गेल्या. उलट साइट जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच 5 मिलिमीटर हलला, तर शॉटही 5 मिलिमीटरच हलतो. म्हणून बुल थोडा धूसर दिसला तर चालतो, नव्हे, तो धूसर दिसायलाच हवा. फ्रंट साइटची कड मात्र कापल्यासारखी हवी. चाळिशी लागल्यावर डोळा नेमकं उलटं करतो.

कारण सरळ आहे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होतं आणि जवळचं पाहताना फुगेनासं होतं. पिस्तूल धरल्यावर फ्रंट साइट डोळ्यापासून 90 सेंटीमीटर ते 1 मीटरवर असते. तिथे फोकस करायला साधारण 1 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) ताकद लागते. पंचेचाळिशीला ती डोळ्यात असते, पण 60 शॉटच्या, सव्वा तासाच्या मॅचभर धरून ठेवायची म्हणजे थकवा. साठीला तेवढीच कशीबशी उरते. पहिले शॉट चांगले आणि पुढचे वाईट, या प्रकाराचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, मनोबलात नव्हे.

काच: अर्धा नंबर, पूर्ण नाही

सरळ विचार असा होतो की फ्रंट साइट 1 मीटरवर आहे, तर दूरच्या नंबरात +1.00 मिळवा. तसं केलं की फ्रंट साइट सुरेख दिसते आणि बुल राखाडी ढग होतो. त्याची कड कुठे संपते तेच कळत नाही. 10 मीटरवरच्या टार्गेटला 0.1 डायॉप्टर लागतो, 1 मीटरवरच्या साइटला 1. दोघांच्या मध्ये 0.55 येतो. म्हणून पिस्तुलासाठी दूरच्या नंबरात +0.50 ही सुरुवात, आणि साठीपुढे किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कधी +0.75. त्याहून जास्त क्वचितच लागतं. रायफलच्या मागच्या साइटला पाहायला बारीक छिद्र असतं (पीप साइट), ते स्वतःच मदत करतं, तिथे बहुतेकांना +0.50 पुरतो, काहींना +0.25 सुद्धा.

नंबर कागदावर ठरवू नका. बाजूच्या माणसाकडून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या, नळीत सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची खूण) घालूनच. चष्म्याच्या दुकानात पिस्तूल न्यायचं नाही. त्याऐवजी लाकडी पट्टीच्या टोकाला काळ्या कार्डाचा 4.5 मिलिमीटर रुंदीचा आयत चिकटवा आणि मोजलेल्या अंतरावर धरा. समोर बुल लावायचा. राजारामपुरीतलं असो की महाद्वार रोडवरचं, चष्म्याच्या दुकानात सरळ 10 मीटर जागा सहसा नसते. 6 मीटर मिळाले तर 36 मिलिमीटरचा काळा गोल कापून लावा, तो तितकाच मोठा दिसतो. मग ट्रायल फ्रेममध्ये (दुकानातल्या, काचा बदलून पाहायच्या चौकटीत) तुमचा दूरचा नंबर घालून +0.25च्या पायरीने वाढवत जा. ज्या पहिल्या काचेला आयताच्या दोन्ही उभ्या कडा स्वच्छ होतात आणि बुल अजून गोल दिसतो, तिथे थांबा. पुढची काच आणखी छान वाटते, तिच्या मोहात पडू नका. शक्य असेल तर हीच चाचणी सकाळी आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी, अशी दोनदा करा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असतानाच नंबर काढा, कारण साखर वरखाली झाली की नंबर तात्पुरता सरकतो आणि महिन्याभरात काच वाया जाते.

दुकानात सांगायचं वाक्य पाठ करून जा: ‘जवळचा नंबर नको, प्रोग्रेसिव्ह नको. दूरच्या नंबरात प्लस अर्धा, सिंगल व्हिजन, ऑप्टिकल सेंटर काचेच्या बरोब्बर मध्यावर, अँटिरिफ्लेक्शन कोटिंगसह.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. सिंगल व्हिजन म्हणजे अख्ख्या काचेत एकच नंबर, प्रोग्रेसिव्ह म्हणजे वरून खाली बदलत जाणारा, आणि ऑप्टिकल सेंटर म्हणजे काचेतून नजर सरळ जाते तो बिंदू. वाचायचा नंबर दिला तर काच 40 सेंटीमीटरवर फोकस करते, फ्रंट साइट आणि बुल दोन्ही जातात. सेंटर नेहमीच्या चष्म्यासारखं दोन डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे सरकवलं तर गोल काचेत ते कडेला येतं. कोटिंग नसेल तर पाठीमागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला नाचतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती मायनस नंबरवाल्यांची. −2.00 मध्ये +0.50 मिळवले की −1.50 होतात. घाईत ते −2.50 लिहिले जातात. ती काच लावली की बुल सुरेख आणि फ्रंट साइट पूर्वीपेक्षाही वाईट, आणि माणूस फ्रेमला दोष देत बसतो. सिलिंडर (एकाच दिशेचा नंबर, अक्ष म्हणजे त्या दिशेचा कोन) असेल तर त्याला हात लावायचा नाही: −2.00 सिलिंडर −0.75 अक्ष 90 याचं −1.50 सिलिंडर −0.75 अक्ष 90 होतं. काच घेताना अक्षाचे दोन ठिपके कडेला मारून मागा. गोल काच होल्डरमध्ये फिरते आणि ठिपके नसतील तर अक्ष कुठे गेला हे कळायला मार्ग नाही. रायफलवाल्यांनी आणखी एक पाहावं. गालाची टेक घेताना डोकं दहा अंश कललं तर अक्षही तेवढाच कलतो. ठिपके नेमाच्या स्थितीत जुळवायचे, आरशासमोर ताठ उभं राहून नव्हे.

सीआर-39 या साध्या प्लास्टिकच्या काचेला काही शे रुपये पडतात. संपूर्ण आढाव्यातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि फरक सगळ्यात मोठा.

फ्रेम: कशासाठी घ्यायची

मग हीच काच रोजच्या चष्म्यात बसवली तर? पिस्तुलासाठी, मान फार वळवत नसाल तर, चालून जातं. दुसरी जुनी फ्रेम काढून त्यात बसवा आणि सहा महिने मारून पाहा. रायफलला मात्र हे जमत नाही. डोकं पुढे झुकतं, वळतं, आणि नजर चष्म्याच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून तिरकी जाते. तिथे काच तिरपी पडल्याने नसलेला सिलिंडर तयार होतो, आणि सेंटरपासून लांब पाहिल्याने प्रतिमा सरकते. प्रोग्रेसिव्ह काचेत तर डोकं जरा हललं की नंबरच बदलतो.

शूटिंग फ्रेमचं खरं काम एकच: काच नजरेच्या रेषेला काटकोनात आणि तिचं केंद्र डोळ्यासमोर धरणं. जर्मनीची नोब्लोख आणि स्वित्झर्लंडची चॅम्पियन ही नावं रेंजवर नेहमी ऐकू येतात. लेन्स होल्डर, ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी) आणि आयरिस धरून खर्च पाच आकड्यांत जातो. 23 मिलिमीटरची काच हलकी, पण एवढी छोटी काच कापताना काही दुकानांच्या मशीनची पकड पुरत नाही आणि ती हाताने घासावी लागते. 37 मिलिमीटरची काच कापायला सोपी, आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) मारणाऱ्याला बरी, कारण प्रत्येक पोझिशनमध्ये डोक्याचा कोन वेगळा असतो. काच कापायला देताना होल्डरही दुकानात न्या. नुसतं माप सांगून भागत नाही, अर्धा मिलिमीटर मोठी काच बसत नाही आणि लहान काच फिरते.

जुळवणी अशी. आधी नाकाचे पॅड आणि कानाच्या काड्या पक्क्या करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळे मिटून पोझिशन घ्या, मान सैल सोडा, डोळे उघडा. नजर जिथून जाते तिथे होल्डर आणा. असं निदान तीनदा. मग आयरिस असेल तर ती पूर्ण आवळा: बुल छिद्राच्या मध्यावर दिसला तर काच केंद्रात आहे, कापला गेला तर नाही. काच पापण्यांना लागणार नाही इतकीच पुढे, साधारण 12 ते 14 मिलिमीटरवर. बाजूला उभं राहून कुणी काच काटकोनात आहे का ते पाहू शकतं. समोर मात्र कुणालाही उभं करायचं नाही, बंदूक रिकामी असली तरी. सगळं जुळलं की प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका मारा. पेटीतून काढताना फ्रेम हलतेच, ठिपके असतील तर अर्ध्या मिनिटात पुन्हा जुळते.

उणिवा आहेत. पुढचं वजन घामाने नाकावरून घसरतं, मागे इलॅस्टिकची दोरी लावावी लागते. बारीक स्क्रू ढिले होतात, घड्याळवाल्याकडचा छोटा स्क्रू ड्रायव्हर किटमध्ये ठेवा. आणि ही फ्रेम म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे. एका डोळ्यापुढे 23 मिलिमीटरची काच आणि दुसऱ्यापुढे प्लास्टिकची पट्टी शिशाचा उडालेला तुकडा अडवू शकत नाही. घराच्या गच्चीवर लोखंडी पेलेट ट्रॅपसमोर मारणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आयरिस

आयरिस बाहुलीचं काम करते. बाहुली 4 मिलिमीटर उघडी आणि फोकस अर्ध्या डायॉप्टरने चुकलेला असेल तर कड साधारण 7 मिनिटांच्या कोनात पसरते (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पिस्तुलाचा 59.5 मिलिमीटरचा बुल 10 मीटरवरून 20 मिनिटांचा दिसतो, म्हणजे पसारा त्याच्या एक तृतीयांश. छिद्र 1.2 मिलिमीटरवर आणलं की तोच पसारा 2 मिनिटांवर येतो. साइट आणि बुल दोन्ही एकदम जागेवर येतात, आणि म्हणूनच आयरिस पहिल्यांदा लावणारा माणूस तिच्या प्रेमात पडतो.

अडचण पुढे येते. छिद्र 1 मिलिमीटरखाली नेलं की प्रकाश घटतो, आणि प्रकाशाच्या स्वभावामुळे कडा पुन्हा पसरू लागतात. शिवाय बुल फार स्वच्छ झाला की नजर त्याच्याकडेच धावते आणि ट्रिगर ओढला जातो. नियमाप्रमाणे टार्गेटवर किमान 1500 लक्स हवेत. तेवढा उजेड असलेल्या रेंजवर 1.2 ते 1.5 जमतं, अंधुक शेडमध्ये 1.8 वरच थांबावं लागतं. पूर्ण उघडून सुरुवात करा, आवळत जा, आणि फ्रंट साइट काळीऐवजी करडी दिसू लागली की एक पायरी मागे या.

चुकीच्या नंबरावर आयरिस लावून काम भागवणारे खूप आहेत. ते अंधारात मारतात आणि चाळिसाव्या शॉटला डोळा दुखतो. रायफलच्या रिअर साइटवर आयरिस असेल तर फ्रेमवर दुसरी लावू नका, दोन छिद्रं एका रेषेत ठेवण्यातच दम जातो. विकत घेण्याआधी फुकटची चाचणी करा: काळी इन्सुलेशन टेप, त्यात 1.5 मिलिमीटरचं स्वच्छ गोल छिद्र, आणि ती जुन्या चष्म्यावर नजर जाते त्या जागी. याने काहीच फरक पडला नाही तर महागडी आयरिसही देणार नाही. अशा वेळी आधी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

ब्लाइंडर आणि साइट

दुसरा डोळा मिटू नका. मिटल्याने नेमाच्या डोळ्याचीही पापणी ताणली जाते, आणि एका डोळ्याला अंधार मिळाला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात. काळी पट्टीही त्याच कारणाने वाईट. दुधी, प्रकाश येऊ देणारी पट्टी हवी, रुंदी 30 मिलिमीटरपर्यंत, नियम तेवढीच देतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापलेली पट्टी विकतच्या पट्टीइतकीच चालते. इथे पैसे घालू नका.

काच बदलली की साइटही बदलावी लागते, हे बरेच जण विसरतात. पिस्तुलाची रिअर खाच थोडी रुंद करा, फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी ठळक दिसली पाहिजे. नेम बुलला टेकवून धरू नका. धूसर काळ्याला काळी साइट टेकली की दोन्ही चिकटतात, खाली पांढरी जागा सोडा. रायफलला 1 मीटरवर 30.5 मिलिमीटरचा बुल 3.05 मिलिमीटरचा दिसतो. फ्रंट साइटमध्ये 4.0 मिलिमीटरची रिंग घेतली तर चहूबाजूंनी जेमतेम अर्धा मिलिमीटर पांढरं उरतं. तरुण डोळ्याला ते आवडतं, पन्नाशीनंतर 4.4 किंवा त्याहून मोठी रिंग शांत वाटते. साइट घासून चमकायला लागली असेल तर कापराची काजळी धरा, धातूच्या साइटवरच, प्लास्टिकच्या इन्सर्टवर नाही.

स्पर्धेचा नियम ध्यानात असू द्या. नंबरची काच डोळ्यावर घालता येते, पिस्तुलाला किंवा रायफलला जोडता येत नाही. रेड डॉट आणि दुर्बीण या वयात डोळ्याला सगळ्यात सोप्या, कारण खूण आणि टार्गेट एकाच फोकसमध्ये येतात, पण त्या स्पर्धेबाहेरच्या. छंदासाठी दुर्बीण घेणार असाल तर 10 यार्डांपर्यंत पॅरलॅक्स, म्हणजे अंतराप्रमाणे फोकस, जुळवता येणारी घ्या. 100 यार्डांवर पक्की केलेली दुर्बीण 10 मीटरवर धुरकटच दिसते. स्प्रिंगच्या एअरगनचा दुहेरी झटका स्वस्त दुर्बिणीची आतली जुळवणी मोडतो.

पावसाळ्यात इथली हवा महिनोन्‌महिने ओली असते. काच श्वासाने धुरकटते, आयरिसची पाती गंजतात. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि आयरिसला तेल लावू नका, तेल पात्यांवरून काचेवर उतरतं.

काही खुणा काचेने सुटत नाहीत. फ्रंट साइटची सरळ कड वाकडी किंवा नागमोडी दिसली, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, चमका दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एका डोळ्याने साइट दुहेरी दिसत असेल तर टेपच्या छिद्रातून पाहा. एक झाली तर दोष नंबराचा किंवा मोतीबिंदूचा असू शकतो, तरीही तपासून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर तुम्ही नेमबाजी करता हे डॉक्टरांना आधी सांगा. मल्टिफोकल लेन्सने काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो आणि कडेभोवती वलय येऊ शकतं. साधी, दूरची लेन्स बसवली तर पुढचं काम सोपं: नंबर स्थिर झाल्यावर वरून +0.50 किंवा +0.75.

नंबर बदलला की काच बदला, फ्रेम तीच राहते. जुनी काच टाकू नका. संध्याकाळी उजेड उतरला की बाहुली मोठी होते आणि फोकसची खोली कमी होते, तेव्हा दोन्हींपैकी पाव नंबराने जास्त प्लस असलेली काच बरी पडते. दोन्ही काचा वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि झाकणावर नंबर, अक्ष आणि तारीख लिहून ठेवा. काचा हातात घेऊन पाहिल्या तर दोन्ही अगदी सारख्याच दिसतात.